माणूस राखण्यापासून जागा राखण्यापर्यंत

१९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला आणि फुटबॉलमधल्या मधल्या फळीची घडी मोडली. तोवर पास मिळणाऱ्या आघाडीवीरापुढे प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असणे बंधनकारक होते. आता दोन पुरेसे ठरले. गोल भराभर होऊ लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसलकडून ०-७ असा मार खाल्ल्यावर हर्बर्ट चॅपमन यांच्या आर्सेनलने मैदानाच्या मध्यावर वावरणारा सेंटर हाफ मागे घेतला आणि दोन बचावपटूंच्या मध्ये उभा केला. त्यातून पुढे ‘डब्ल्यूएम’ रचना घडली. मध्यावर दोन विंग हाफ आणि त्यांच्यापुढे दोन इनसाइड फॉरवर्ड असा चौकोन उरला. बचावाच्या वेळी प्रत्येकाला आपापला माणूस ठरलेला असे. चौघे एकाच पट्ट्यात खेळत, पण झुंजी चार स्वतंत्र होत्या.

या पद्धतीतली उणीव २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्ब्लीवर उघडी पडली. हंगेरीचा नांदोर हिदेगकुती सेंटर फॉरवर्डच्या जागेवर उभा न राहता मागे मध्यात सरकला. इंग्लंडचा सेंटर हाफ हॅरी जॉन्स्टन पेचात सापडला. पाठलाग करावा तर मागे भगदाड पडणार, जागेवर थांबावे तर हिदेगकुती मोकळा राहणार. हंगेरीने सामना ६-३ असा जिंकला, त्यातले तीन गोल हिदेगकुतीचे. माणूस जागा सोडून हलला की त्याला कोणाच्या हवाली करायचे, याचे उत्तर ‘डब्ल्यूएम’मध्ये नव्हते.

ब्राझीलने १९५८चा विश्वचषक ४-२-४ रचनेने जिंकला खरा, पण झिटो आणि दिदी या दोघांवर मध्याचा सगळा भार पडू नये म्हणून डावा विंगर झगालो सतत मागे येत असे. विंगरनेही बचावात हातभार लावायचा, ही सवय तिथून रुजत गेली.

खरा पाया मात्र कीव्हमध्ये घातला गेला. १९६४ ते १९७० या काळात डायनॅमो कीव्हचे प्रशिक्षक असलेल्या व्हिक्तर मास्लव यांनी पारंपरिक विंगर वगळून मधल्या फळीत चौघे आणले. खेळाडूंना माणसाऐवजी टापू नेमून दिले. चेंडू ज्याच्याकडे, त्याच्यावर जवळच्या दोघा-तिघांनी एकदम धावून जायचे आणि उरलेल्यांनी आत सरकून त्यांची जागा भरायची. १९६६ ते १९६८ अशी सलग तीन वर्षे डायनॅमोने सोव्हिएत लीग जिंकली. पश्चिमेत मात्र जुनी रीत टिकून होती. १९६६च्या विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात नॉबी स्टाइल्स युसेबिओला चिकटून राहिला, तर अंतिम सामन्यात बॉबी चार्लटन आणि बेकेनबाउअर यांनी एकमेकांना अडकवून ठेवले. दोन संघांचे सर्वांत सर्जनशील खेळाडू परस्परांच्या पाळतीवर खर्ची पडले.

मधल्या फळीच्या सामूहिक बचावाला पूर्ण रूप दिले ते आरिगो साकी यांच्या एसी मिलानने. १९८७ साली साकी मिलानमध्ये आले, तेव्हा इटलीत माणसामागे माणूस लावणे हाच शिरस्ता होता. त्यांनी खेळाडूंना उभे राहण्यासाठी चार खुणा दिल्या: चेंडू, जागा, प्रतिस्पर्धी आणि आपले सहकारी. यातली चौथी खूण सर्वांत मोलाची. कोलोम्बो, रायकार्ड, आन्चेलोत्ती आणि दोनादोनी हे चौघे एका दोरीने बांधल्यासारखे हलत. चेंडू उजवीकडे गेला की कोलोम्बो पुढे होई, रायकार्ड त्याच्या मागे तिरका आधार धरी, आन्चेलोत्ती मध्य बंद करी आणि दोनादोनी पलीकडची बाजू सोडून आत येई. लांबची बाजू मोकळी राहिली तरी चालेल, कारण तिथे पास पोहोचेपर्यंत चौघांना पुन्हा सरकता येते; हा हिशेब त्यामागे होता. बारेझीची बचावफळी पुढे चढत असल्यामुळे सर्वांत मागचा बचावपटू आणि सर्वांत पुढचा आघाडीवीर यांच्यातले अंतर सुमारे २५ मीटर राखण्याचा आग्रह होता. एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात चेंडू घेऊन वळायला प्रतिस्पर्ध्याला उसंतच मिळत नसे. सरावात चेंडूशिवाय, केवळ कल्पित चेंडूच्या मागे सगळा संघ सरकवला जाई. एप्रिल १९८९ मध्ये रेआल माद्रिदवर मिळवलेला ५-० विजय हे त्या कष्टांचे फळ. त्या वर्षीचा आणि पुढच्या वर्षीचाही युरोपियन चषक मिलानने जिंकला.

१९९२ साली सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला पास हाताने उचलण्यास गोलरक्षकाला बंदी झाली. दडपण आलेल्या संघाची सोपी पळवाट त्यामुळे बंद झाली आणि पुढे जाऊन दाबण्याचे मोल वाढले.

क्लोद माकेलेले २००३ साली रेआल माद्रिद सोडून चेल्सीत गेला, तेव्हापासून बचावफळीपुढचा एकटा पहारेकरी ही प्रतिमा रूढ झाली. ती अर्धीच खरी आहे. २००४-०५ मध्ये चेल्सीने ३८ लीग सामन्यांत केवळ १५ गोल खाल्ले, त्यात माकेलेलेइतकाच वाटा त्याच्या पुढच्या दोघांनी आणि मागे धावणाऱ्या विंगरांनी मधल्या वाटा बुजवण्याचाही होता. २००८ नंतर ग्वार्दिओला यांच्या बार्सिलोनात बुस्केट्स, झावी आणि इनिएस्टा चेंडू जाताच पहिल्या काही सेकंदांत तुटून पडत. छोट्या पासांमुळे ते आधीच एकमेकांच्या जवळ असत, म्हणूनच हे साधे. सिमेओने यांच्या अ‍ॅटलेटिको माद्रिदने नेमकी उलट वाट धरली. गाबी, तियागो, कोके आणि आर्दा तुरान मागे, आखूड रांगेत उभे राहून मध्य बंद करत आणि प्रतिस्पर्ध्याला कडेला ढकलत. २०१३-१४ची स्पॅनिश लीग त्यांनी केवळ २६ गोल खाऊन जिंकली.

अलीकडे मँचेस्टर सिटीने बचावपटू जॉन स्टोन्सला आक्रमणाच्या वेळी रॉड्रीच्या शेजारी आणले. चेंडू गमावताच प्रतिहल्ला जागच्या जागी रोखायला मध्यावर दोघे तयार असत. ही व्यवस्था माणसांवर किती अवलंबून असते, ते सप्टेंबर २०२४ मध्ये रॉड्रीच्या गुडघ्याला दुखापत झाल्यावर दिसले. सलग चार वर्षे प्रीमियर लीग जिंकलेला हा संघ त्या मोसमात तिसऱ्या स्थानावर राहिला.