नावात भारत, पण उन्हाशी वैर : पहिली ‘आयपीए’ निवडताना

गोव्याला बिअरची ओळख करून देण्याची गरज नाही. पण गेल्या काही वर्षांत दुकानांच्या शीतकपाटांत नेहमीच्या बाटल्यांशेजारी चित्रविचित्र रंगांचे कॅन दिसू लागले आहेत आणि त्यांतील अनेकांवर ‘आयपीए’ ही तीन अक्षरे असतात. इंडिया पेल एल या नावाचे हे लघुरूप. नावात ‘इंडिया’ पाहून कुतूहलाने कॅन उघडणारा माणूस पहिल्याच घोटाला थबकतो. ज्या पेयाकडून थंडावा आणि हलकासा गोडवा मिळावा, ते जिभेवर कडवट रेंगाळते. ‘ही बिअर खराब झाली आहे’ असा निर्वाळा देऊन तो कॅन बाजूला सारतो व पुन्हा त्या वाटेला जात नाही.

या निर्वाळ्यात एक चूक आहे आणि एक शक्यताही. कडूपणा हा आयपीएचा दोष नव्हे, तो तिचा स्वभाव आहे. परंतु आपल्याकडच्या हवेत हाती आलेला कॅन खरोखरच बिघडलेला असू शकतो. कडू आणि बिघडलेली यांतला फरक नवख्याला कळत नाही. म्हणून पहिली आयपीए निवडताना नाममुद्रेपेक्षा ताजेपणाकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

कडूपणा येतो तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांतून. ही वेल भांगेच्या कुळातली. आपल्या देशात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात तिची लागवड झालेली आहे. तिच्या मादी फुलांच्या पाकळ्यांखाली पिवळी, चिकट पूड असते. त्या पुडीतील आम्ले उकळत्या द्रावणात रूप पालटतात आणि बिअरला कडवटपणा देतात. त्याच पुडीत सुगंधी तेलेही असतात, मात्र उकळताना ती उडून जातात. त्यामुळे हॉप्स सुरुवातीला टाकले तर कडूपणा मिळतो, शेवटी टाकले तर गंध मिळतो आणि आंबवण झाल्यावर थंड बिअरमध्ये भिजत घातले तर कडूपणा फारसा न वाढता केवळ सुगंध उतरतो. आजच्या आयपीएचे बहुतेक सारे वैभव या शेवटच्या क्रियेत आहे. पपनस, लिची, देवदाराचा चीक, पिकला आंबा असे गंध त्यातून येतात. आंब्याचा उल्लेख अतिशयोक्ती वाटेल. पण मायर्सिन हे हॉप्समधील प्रमुख तेल आंब्याच्या अनेक जातींतही असते. अर्थात कोणी मानकुरादची अपेक्षा ठेवून ग्लास उचलू नये.

कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडूच, ही म्हण येथे तितकीशी लागू पडत नाही. सातूला मोड आणून, वाळवून केलेल्या माल्टचा गोडवा हॉप्सच्या कडूपणाला तोलून धरतो. डब्यावर कधी कधी ‘आयबीयू’ असा आकडा छापलेला असतो, तो कडूपणाचे माप सांगतो. सर्वसाधारण लागर बिअरमध्ये तो दहा ते पंचवीसच्या दरम्यान असतो, तर अमेरिकी धाटणीच्या आयपीएमध्ये चाळीस ते सत्तर. मात्र माल्ट भरपूर असेल तर पन्नासचा आकडाही सौम्य लागतो आणि माल्ट विरळ असेल तर पस्तीसही बोचतो. या आकड्यावर फार विसंबू नये.

आता नावातील ‘इंडिया’विषयी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या पूर्वेकडील बो येथे जॉर्ज हॉजसन याची भट्टी होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जेथे लागत, तो धक्का तिच्यापासून जवळ. जहाजांचे कप्तान त्याची फिकट रंगाची, भरपूर हॉप्स घातलेली बिअर पिंपांतून नेत आणि मुंबई, मद्रास, कलकत्ता येथील गोऱ्या साहेबांना विकत. हा प्रवास दक्षिण आफ्रिकेला वळसा घालून चार ते सहा महिन्यांचा होता आणि त्यात विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे. हिंदुस्थानचा प्रवास सोसावा म्हणून हॉजसनने ही बिअर शोधून काढली, ही कथा लोकप्रिय असली तरी खरी नाही. उष्ण देशांत पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स अधिक घालावेत हे इंग्लंडमध्ये आधीपासून ठाऊक होते, आणि काळीभोर पोर्टर बिअरही त्याच जहाजांतून येऊन येथील सैनिकांच्या पोटात जात होती. हॉप्समुळे बिअर आंबट करणारे जंतू वाढत नाहीत, एवढे मात्र खरे. पुढे १८२२ च्या सुमारास बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावच्या सॅम्युअल ऑलसॉपने या व्यापारात पाऊल टाकले. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्समचा अंश असल्याने तिथली बिअर अधिक स्वच्छ आणि कडूपणाला उठाव देणारी होई. हॉजसनची सद्दी संपली.

त्या काळची बिअर प्रवासात पिंपात मुरत असे आणि मुरूनच चांगली होत असे. आजची आयपीए वेगळी आहे. १९७२ मध्ये अमेरिकेत ‘कॅस्केड’ या हॉप्सच्या वाणाचा प्रसार सुरू झाला. १९८० मध्ये कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा या भट्टीने त्याच्या पपनसासारख्या गंधावर आपली पेल एल उभी केली. तेव्हापासून ही बिअर हळूहळू कडूपणाकडून सुगंधाकडे वळत गेली, आणि सुगंध टिकत नाही. जिला हिंदुस्थानच्या उन्हासाठी बनवले असे मानले जाते, तीच आज त्या उन्हात सर्वांत लवकर मरते.

हे मरण कसे ओळखावे? कॅनमध्ये शिरलेला थोडासा प्राणवायू आणि बाहेरची उष्णता मिळून आधी फळांचा गंध पुसतात, मग बिअरला ओल्या पुठ्ठ्याची किंवा शिळ्या मधाची चव येते. फिकट सोनेरी रंग तपकिरी होऊ लागतो. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे शीतकपाटात तीन महिने ताजी राहणारी बिअर एप्रिल-मे महिन्यांत दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत पडून राहिली, तर काही आठवड्यांतच म्हातारी होते. उजेड हा तिचा दुसरा वैरी. प्रकाशामुळे हॉप्सचे कडू घटक फुटून गंधकासारखा दर्प सुटतो. पारदर्शक व हिरव्या बाटलीत हे चटकन घडते, तपकिरी बाटलीत सावकाश आणि कॅनमध्ये घडतच नाही. गंध गेल्यावर मागे उरतो तो नुसता खरखरीत कडूपणा. नवख्याच्या वाट्याला बहुधा हेच उरलेले येते आणि तो त्यालाच आयपीए समजतो.

म्हणून दुकानात गेल्यावर कॅन उलटा करून उत्पादनाची तारीख पाहावी. ‘अमुक महिन्यांच्या आत वापरावे’ या सूचनेवर जाऊ नये. ती मुदत बिअर पिण्याजोगी राहण्याची असते, सुगंधी राहण्याची नव्हे. दोन महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम, तीन महिन्यांपर्यंतची चालेल. त्याहून जुनी असल्यास, वेष्टन कितीही देखणे असो, राहू द्यावी. उघड्या फळीवरचा कॅन न घेता शीतकपाटातला घ्यावा. या दृष्टीने जवळच्या भट्टीतली बिअर सोयीची ठरते. गोव्यातच तयार होणाऱ्या आयपीए आहेत. गोवा ब्रुइंग कंपनीने तर आपल्या आयपीएला हणजूणच्या हिप्पी दिवसांतील प्रसिद्ध ‘एट फिंगर एडी’चे नाव दिले आहे. लांबून आलेल्या महागड्या परदेशी कॅनपेक्षा जवळचा ताजा कॅन नवख्याने आधी घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण स्थानिक आहे म्हणून तारीख पाहणे सोडू नये.

प्रकारांचा गुंता मोठा आहे, तरी आरंभासाठी तो फारसा अडत नाही. ज्याला कारले आणि गुढीपाडव्याचा कडुलिंब मनापासून आवडतो, त्याने सरळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या धाटणीची, निवळशंख आणि खणखणीत कडू आयपीए घ्यायला हरकत नाही. इतरांनी आधी साधी पेल एल प्यावी. तिच्यात हॉप्सची ओळख होते आणि जिभेला धक्का बसत नाही. त्यानंतर ‘हेझी’ किंवा ‘न्यू इंग्लंड’ असे लिहिलेली गढूळ, फळांच्या रसासारखी दिसणारी आयपीए घ्यावी. तिच्यात कडूपणा कमी आणि गंध अधिक असतो. मात्र शिळेपणा सर्वांत कमी सोसणारीही तीच. ताजी मिळत नसेल तर तिच्या वाटेला न गेलेले बरे. ‘डबल’ किंवा ‘इम्पीरियल’ हे शब्द दिसले तर तूर्त पुढे सरकावे.

पुढे सरकण्याचे कारण चवीपुरते नाही. आयपीएमध्ये मद्यार्क बहुधा साडेपाच ते साडेसात टक्के असतो, डबलमध्ये आठ किंवा त्याहून अधिक. साडेसहा टक्क्यांच्या ५०० मिलिलिटरच्या कॅनमध्ये जितका मद्यार्क असतो, तितकाच पाच टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीत असतो. कॅन लहान दिसतो, फळांचा वास येतो आणि हिशेब चुकतो. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क घेऊन वाहन चालवणे हा गुन्हा आहे. ती मर्यादा एकाच कॅनमध्येही ओलांडली जाऊ शकते. गोव्यात मद्य विकत घेण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, हेही येथेच सांगितलेले बरे.

राहता राहिली पिण्याची रीत. आपल्याकडे बिअर बर्फासारखी गार हवी असते. अशा थंडीत जिभेला आणि नाकाला काही कळत नाही. हॉप्सचा गंध दबतो व कडूपणा तेवढा जाणवतो. कॅन शीतकपाटातून काढल्यावर पाच-सात मिनिटे थांबावे आणि बर्फात न ठेवलेल्या साध्या, स्वच्छ काचेच्या ग्लासात ओतून आधी वास घ्यावा. सोबत झणझणीत शागोती असेल तर तिखट आणि कडू एकमेकांना चिथावतात. नवख्याला ते झेपत नाही. रव्यात घोळवून तळलेला बांगडा मात्र उत्तम जमतो, कारण तेलकटपणा कडूपणाने कापला जातो. ओल्या खोबऱ्याच्या रसातले सौम्य तोंडीलावणेही चालते. अर्धा ग्लास झाल्यावरही फळांचा गंध आलाच नाही, तर पुन्हा एकदा कॅनच्या तळावरची तारीख पाहावी.