वनभोजनाची चूल आणि पाण्याचा बंब

दिवाळीची सुटी संपून थंडी पडू लागली की प्राथमिक शाळांतून सहलींचे व वनभोजनांचे बेत सुरू होतात. स्थळ ठरते, वर्गणी ठरते, खिचडी की पिठले-भात याचाही निर्णय होतो. परंतु चूल कोणती आणि जळण किती, या प्रश्नाचा विचार बहुधा स्थळी पोहोचल्यावरच होतो. मग जे घडते ते अनेकांच्या परिचयाचे आहे. ओढ्यातले तीन दगड उचलून चूल मांडली जाते, मुलांकडून ओल्या काटक्या गोळा करविल्या जातात, धुराने सर्वांचे डोळे चुरचुरतात आणि दीड वाजला तरी आधणाला उकळी फुटलेली नसते. तोवर तहानलेली मुले ओढ्याचे पाणी पिऊन मोकळी झालेली असतात. भात कच्चा राहिला तर फारसे बिघडत नाही. पण त्या पाण्याचा परिणाम दोन दिवसांनी घरोघरी दिसू लागतो. म्हणून वनभोजनाच्या तयारीत पहिला विचार अन्नाचा नव्हे, पाण्याचा करावयास हवा.

पाणी तापविण्यास किती जळण लागते, याचा हिशेब चौथीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. पंचवीस अंशांचे पाणी शंभर अंशांपर्यंत न्यावयाचे, म्हणजे दर लिटरला ७५ किलोकॅलरी झाल्या. एक किलो वाळलेल्या लाकडातून सुमारे ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी उष्णता निघते. या हिशेबाने किलोभर लाकडावर सुमारे ५० लिटर पाणी उकळावयास हवे. प्रत्यक्षात तीन दगडांच्या उघड्या चुलीवर ५ ते ७ लिटरच उकळते. उरलेली उष्णता वाऱ्याबरोबर, धुराबरोबर व दगड तापविण्यात जाते. चाळीस मुलांना प्रत्येकी एक लिटर उकळलेले पाणी द्यावयाचे ठरविले, तर अशा चुलीवर त्यासाठीच ६ ते ८ किलो लाकूड लागेल. शिवाय पाणी निववण्यास तास-दोन तास हवेत, ते वेगळेच. तेव्हा पिण्याचे पाणी गावातील खात्रीच्या विहिरीचे वा नळाचे भरून नेणे हाच उत्तम मार्ग होय. ते शक्य नसेल तर आदल्या दिवशी शाळेतच उकळून, गाळून, झाकून ठेवावे. वनात उकळण्याची वेळ आलीच तर खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर ती तशीच राहू द्यावी, म्हणजे रोगजंतू मरतात. नुसते कढत झालेले पाणी उकळलेले समजू नये. मुलांना वाफ दिसली की पाणी झाले असे वाटते. बुडबुडे पृष्ठभागावर येऊन फुटतात की नाही, हे त्यांना मुद्दाम दाखवावे.

आता चुलीविषयी. तीन दगडांची चूल अगदीच टाकाऊ नव्हे. ती कोठेही मांडता येते आणि तिच्यावर मोठे पातेले बसते. मात्र दगड ओढ्यातून उचलू नयेत. पाण्यात मुरलेला दगड तापला की आतील ओलाव्याची वाफ होते आणि तो तडकून कपच्या उडतात. कोरड्या जागेचे दगड घ्यावेत, वारा येतो त्या बाजूला दगडमातीचा आडोसा करावा आणि पातेल्याचे बूड व जमीन यांत वीतभरापेक्षा अधिक अंतर ठेवू नये. जमीन घट्ट असेल तर चर खणून केलेली चूल याहून चांगली. वाऱ्याच्या दिशेने तोंड ठेवून हातभर लांब व वीतभर खोल चर खणावा, त्यावर पातेले ठेवावे आणि मागील टोकाला धूर जाण्यापुरती फट राखावी. अशा चुलीत ज्वाळा इकडेतिकडे फाकत नाही. लग्नकार्यात आचारी अशीच चूल पसंत करतात, ते उगाच नव्हे.

तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यापासूनही चांगली चूल होते. अमेरिकेतील लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात जी पद्धत मांडली, तिचे तत्त्व सोपे आहे. लाकूड आडव्या तोंडातून आत सारावयाचे, ज्वाळा उभ्या अरुंद नळीतून वर जावयाची आणि नळीभोवती राख किंवा तत्सम उष्णता अडविणारा पदार्थ भरावयाचा. नळीतील ओढीमुळे धूरही जळून जातो आणि बारीक काटक्यांवर काम भागते. नीट केलेल्या अशा चुलीत उष्णतेचा चौथा हिस्सा भांड्याला मिळू शकतो, म्हणजे तीन दगडांच्या सुमारे दुप्पट. उणीव इतकीच की, मोठ्या पातेल्याच्या ओझ्याने ती कलंडते. चाळीस जणांच्या खिचडीसाठी तिच्यावर भिस्त ठेवू नये. चहा, दूध, भाजीची फोडणी यांना ती योग्य. वर्ध्याच्या मगनवाडीत तयार झालेल्या मगन चुलीसारख्या धुराड्याच्या चुली जागच्या जागी बांधावयाच्या असतात, त्यामुळे त्या सहलीच्या कामाच्या नाहीत. भुशाची शेगडी मंद व एकसारखी जळते, पण ठासून भरलेला भुसा वाटेत हादऱ्यांनी ढासळतो. कोळशाची शेगडी थोड्या कामापुरती ठीक. बंद खोलीत मात्र ती कदापि ठेवू नये.

उरला बंब. महाराष्ट्रातील जुन्या घरांत न्हाणीघरापाशी तांब्याचा बंब असे व अजूनही काही घरांत तो आहे. त्याची रचना विज्ञानाच्या पाठाला उपयोगी पडेल अशी आहे. खाली जाळी, जाळीवर विस्तव, मधोमध उभी नळी आणि नळीच्या सभोवती पाणी. चुलीवर ज्वाळा भांड्याच्या बुडालाच लागते; येथे ती चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली असते. नळी हेच धुराडे असल्याने ओढ चांगली मिळते व बंबफोडीच्या चार ढलप्यांवर पाणी कढत होते. ज्या बंबाचा नळ वरच्या अंगाला असतो, त्यात नरसाळ्यातून थंड पाणी ओतले की ते तळाशी उतरते आणि वरचे कढत पाणी नळातून बाहेर पडते. ऊन पाणी वर व थंड पाणी खाली का राहते, हे मुलांना यापेक्षा चांगले कोठे दाखविता येईल?

हीच युक्ती रशियातील व काश्मिरातील सामोवारात आहे. न्यूझीलंडमधील जॉन अॅशली हार्ट यांनी १९२९ साली तिच्यावरून वाऱ्यातही पाणी उकळणारी सुटसुटीत किटली बनविली आणि दुसऱ्या महायुद्धात तेथील सैनिकांनी ती उत्तर आफ्रिकेत वापरली. अशा किटल्या आता भारतातही मिळतात. विस्तव असताना तिच्या तोंडाचे बूच काढून ठेवलेच पाहिजे, नाहीतर वाफ कोंडून कढते पाणी उसळते. शाळेने ती विकत घेण्याची मात्र आवश्यकता नाही. एका वेळी ती लिटर-दीड लिटरच पाणी देते.

गावातून बंब मिळाला तर तो सहलीस न्यावा, पण त्याचे काम ओळखून. भांडी घासणे, हात धुणे यांसाठी त्याचे पाणी उत्तम. पिण्यास किंवा आधणास ते घेऊ नये. स्नानाच्या बंबास आतून कल्हई असतेच असे नाही, त्याच्या पोटात वर्षानुवर्षांचा क्षार साठलेला असतो, तो घासता येत नाही, आणि जोडांच्या डाकात शिसे असण्याचा संभव असतो. दुसरे असे की, बंब रिकामा असता विस्तव घालू नये. पाणी नसले की डाक वितळून बंब गळका होतो, आणि मग ज्याने विश्वासाने दिला त्या घरमालकास तोंड दाखविणे कठीण जाते.

जळणात बाभळीसारखे घट्ट लाकूड श्रेष्ठ. ते सावकाश जळते व निखारे टिकतात. पेटविण्यास काटक्या व सालपटे हवीत. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणीच असू शकते, त्यामुळे ओले लाकूड आधी स्वतःला वाळवते आणि मग आपल्याला उष्णता देते. जळण गावातूनच न्यावे. मुलांना सरपण गोळा करावयास पाठविणे दिसावयास गमतीचे, परंतु कण्हेर, शेर व बिब्बा यांची लाकडे त्यांना ओळखता येत नाहीत आणि त्यांचा चीक व धूर बाधतो. चाळीस जणांच्या खिचडीस चार किलो तांदूळ, किलोभर डाळ व १२ ते १५ लिटर पाणी धरले, तर पाणी, शिजवणे व वारा यांसाठी मिळून पाच-सहा किलो वाळके लाकूड सोबत असावे. डाळ घरीच भिजवून न्यावी आणि पातेल्यावर झाकण ठेवावे. या दोन गोष्टींनीही जळणाची बचत होते. महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणी पाणी सुमारे ९५ ते ९६ अंशांनाच उकळते, सबब डाळ शिजण्यास अधिक वेळ लागणार हे गृहीत धरावे. पातेल्याच्या बुडाला बाहेरून माती व राख कालवून लेप दिला तर काजळी सहज निघते.

स्थळ निवडताना हे ध्यानात असावे की, १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव वनात विस्तव पेटविण्यास मनाई आहे. माघ-फाल्गुनात तर गवत इतके वाळलेले असते की एक ठिणगी पुरते. चुलीभोवती दहा फूट जागा झाडून स्वच्छ करावी व तेवढ्याच अंतरावर दोरी बांधावी. दोरीच्या आत शिक्षक व स्वयंपाक करणारी मोठी माणसे यांखेरीज कोणी नसावे. भरलेल्या पाण्याची एक बादली जवळ असावी. ती स्वयंपाकास वापरली जाणार नाही याची जबाबदारी एकावर सोपवावी. कोणास भाजलेच तर त्या जागेवर दहा ते वीस मिनिटे स्वच्छ थंड पाण्याची धार धरावी. शाई, हळद, तूप, टूथपेस्ट यांतील काहीही लावू नये. फोड आले किंवा जागा तळहाताहून मोठी असली तर मुलास तडक आरोग्य केंद्रात न्यावे.

निघताना चूल विझविण्याचे काम घाईत होते. निखाऱ्यांवर माती लोटली की विझले असा समज आहे, आणि तोच घातक ठरतो. मातीखाली निखारे कित्येक तास धगधगत राहतात, वरून काही दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने येणाऱ्या गुराख्याच्या पोराचा अनवाणी पाय तेथे पडतो. म्हणून पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा पाणी ओतावे आणि राखेजवळ हाताची पालथी बाजू धरून ऊब लागते का ते पाहावे. ऊब लागत असेल तर मुलांची हजेरी घेण्यात पाच मिनिटे घालवावी व पुन्हा येऊन पाहावे.