पेठांतले जागरण

सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या परिसरात मध्यरात्र उलटल्यावरही अनेक खोल्यांतील दिवे जळत असतात. स्पर्धा परीक्षांसाठी मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली मुले अभ्यास करीत असतील, असे आपण समाधानाने गृहीत धरतो. वस्तुतः त्यांतील कित्येकांचे पुस्तक केव्हाच मिटलेले असते. जागे असते ते मन. ‘या खेपेस जमले नाही तर?’ हा एकच प्रश्न रात्रभर फिरत राहतो.

याला मनाचा दुबळेपणा म्हणणे सोपे असले, तरी न्याय्य नाही. अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाईट यांनी १९२१ मध्ये जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. जिची शक्यता मोजता येते ती जोखीम. जिचे मापच घेता येत नाही ती अनिश्चितता. हजारांतून थोड्यांचीच निवड होणार, ही जोखीम विद्यार्थी समजून पत्करतो. परीक्षा केव्हा होणार हेच ठाऊक नसणे, ही मात्र त्याच्यावर लादलेली अनिश्चितता होय. एप्रिल २०२० मध्ये व्हावयाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा वारंवार पुढे जाऊन २१ मार्च २०२१ रोजी झाली. महामारीचे कारण खरे होते. तथापि १४ मार्चची तारीख अवघे तीन दिवस आधी रद्द झाली, तेव्हा नव्या पेठेत मुले रस्त्यावर उतरली. पुढे २५ ऑगस्ट २०२४ ची पूर्वपरीक्षा बँकभरतीच्या परीक्षेच्याच दिवशी आली. आंदोलनानंतर ती १ डिसेंबरला झाली. खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे मात्र दरमहा वेळेवर द्यावे लागतात, आणि ते गावाकडून येतात.

म्हणूनच वेळापत्रक पाळणे हे केवळ प्रशासकीय शिस्तीचे काम नव्हे. तो तरुणांच्या मनःस्वास्थ्याचाही प्रश्न आहे. तोवर विद्यार्थ्याने एवढे करावे: काळज्या सायंकाळी कागदावर उतरवाव्यात आणि ज्यांवर उद्या काही करता येईल, त्यांच्यापुढे ते लिहावे. सुमारे वीस मिनिटांत झोप आली नाही, तर अंथरुणात तळमळत न राहता उठून मंद प्रकाशात शांत बसावे. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठण्याची वेळ बदलू नये. कॅफिनचा अंमल कित्येक तास टिकत असल्याने सायंकाळनंतर चहा-कॉफी टाळावी. आणखी किती प्रयत्न करावयाचे, याचा निर्णय दिवसाउजेडी, घरच्यांशी बोलून घ्यावा. गेलेली वर्षे हा बुडालेला खर्च आहे; तो वसूल करण्यासाठी पुढची वर्षे गहाण टाकू नयेत.

आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल वा जगणे नकोसे वाटत असेल, तर विनासंकोच डॉक्टरांकडे जावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. पालकांनीही दूरध्वनीवर ‘अभ्यास किती झाला?’ विचारण्याआधी ‘झोप झाली का?’ असे विचारावे. परीक्षा पुन्हा देता येते. खचलेले मन सावरावयास मात्र फार काळ लागतो.