सिंहाचा जबडा

गतवर्षी बडोद्यातील आमच्या गणेशोत्सवात बालनाट्य ठरले आणि नातवाच्या वाट्यास पंचतंत्रातील सिंह आला. सिंहास संवाद असल्याने जबडा हलणे अगत्याचे. "आजोबा, तुम्ही हाडांचे डॉक्टर ना?" एवढ्या शिफारशीवर काम मजकडे आले.

पुठ्ठ्याचा मुखवटा, आतून फोम, अंबाडीच्या वाखाची आयाळ. खालचा जबडा गालापाशी नटबोल्टने जोडून पट्टा हनुवटीखाली बांधला. तालमीत तोंड उघडताच जबडा अडकला, पट्टा गळ्याशी रुतला आणि पोर घाबरून रडू लागले. मी मापे मुखवट्याची घेतली होती, मुलाची नव्हे.

त्या रात्री शरीररचनेचा जुना धडा आठवला. सिंहाचा जबडा बिजागरीप्रमाणे केवळ वरखाली होतो. माणसाचा आधी फिरतो, मग कॉन्डाइल पुढे सरकते. म्हणून जोड कानाच्या पुढ्यात नेला आणि भोक गोल न ठेवता आडवे, लांबट कापले. पट्टा काढून जबड्यात हनुवटीपुरती फोमची वाटी चिकटवली. जबडा मिटण्यासाठी चर्वणस्नायूंच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली. नाकातोंडापुढे श्वासास मोकळी जागा ठेवली.

प्रयोगात डरकाळी ऐकताच पहिल्या रांगेतील एक चिमुरडी रडू लागली. सिंहाने मुखवटा वर करून तिला आपला चेहरा दाखविला, पुन्हा खाली ओढला आणि संवाद पुढे सुरू केला. जबडा कोठेही अडकला नाही.