पकडलेला बिबट्या जातो कोठे?

भिवंडीजवळच्या काल्हेरच्या गोदामवस्तीत, जेथून खाडीपलीकडे ठाण्याच्या इमारती व त्यांमागे येऊरचे डोंगर दिसतात, बिबट्याची वार्ता कोठूनही आली की चहाच्या टपरीवर एकच तजवीज मांडली जाते: "मारायला कोण सांगतंय, साहेब? पिंजरा लावा नि तुंगारेश्वरच्या जंगलात सोडून या." बोलणारा दयाळू असतो, म्हणूनच त्याचे खंडन जिवावर येते, परंतु गोळीपेक्षा स्थलांतर सदैव नीतिमान, ही समजूत इतक्यांदा कानी पडली आहे की आता ती निमूटपणे ऐकवत नाही.

हा प्रयोग पुणे जिल्ह्यातील जुन्नरात होऊन गेला आहे. शंभरावर बिबटे, बहुतांशी केवळ गुरे-शेळ्या मारल्याच्या सबबीवर, धरून सरासरी ३९.५ किलोमीटर दूरच्या वनांत सोडले गेले. आणि वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी २०११ साली 'कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी'त मांडलेल्या हिशेबानुसार माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले, त्यांतील प्राणघातकांचे प्रमाण दुप्पट झाले. यात नवल ते काय? पिंजऱ्याच्या गजांवर सुळे मोडून घेतलेले, बिथरलेले जनावर परक्या मुलखात उपरे ठरते, परतीची वाट धरते, आणि त्या वाटेवर गावे असतात. इकडे मोकळी झालेली हद्द दुसरा बिबट्या बळकावतो. तुंगारेश्वर हे काही निर्मनुष्य अरण्य नव्हे, त्याच्या कडेने आदिवासींचे पाडे आहेत. भिवंडीची धास्ती त्यांच्या अंगणात नेऊन टाकण्यात दया कोणती? केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनाही अशा स्थलांतराविरुद्धच आहेत.

पिंजऱ्याच्या या मागणीमागची भीतीही गैरसमजांवरच पोसली जाते. बिबट्या दिसला म्हणजे तो नरभक्षक, हे साफ खोटे. अकोले तालुक्यातील अभ्यासात त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. 'तो अंगावर आला तरी हात उगारता येत नाही', हेही खोटे: १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे कलम ११ स्वसंरक्षणार्थ, सद्भावनेने केलेल्या हत्येस गुन्हा मानत नाही.

आणि गोळी? तिला निसर्गप्रेमी पाप समजतात व गावपुढारी हक्क. बिबट्या मानवी जीवितास धोकादायक झाला असून त्यास पकडणे, बेशुद्ध करणे वा हलविणे शक्य नाही, अशी खात्री झाल्यावरच मुख्य वन्यजीव रक्षक, तोही कारणे नमूद करून, लेखी हुकूम देऊ शकतो. माणसे मारीत सुटलेल्या जनावराबाबत असा हुकूम निघाला, तर त्यास दुसऱ्या गावाच्या शिवारात नेऊन सोडण्यापेक्षा तो मला अधिक प्रामाणिक वाटतो.