सेतू बांधणारा तरुण राजा
(सेवाग्रामच्या परिसराचा प्राचीन इतिहास : लेखांक सातवा)

मागच्या आठवड्यात आपण प्रभावतीगुप्तेपाशी थांबलो होतो. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी. पती वाकाटक रुद्रसेन अकाली गेला, मुलं लहान, म्हणून नंदिवर्धनहून, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनहून, राज्य तिनेच चालवलं. तिच्या कारभाराच्या तेराव्या वर्षीच्या ताम्रपटातही थोरला दिवाकरसेन युवराजच आहे. पुढे राजा म्हणून तो कुठेच दिसत नाही. मधल्या दामोदरसेनाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात गादीवर पक्का बसलेला दिसतो तो दुसरा प्रवरसेन.

त्याचे ताम्रपट पुष्कळ मिळाले आहेत. अक्षरांच्या डोक्यावर चौकटी काढलेल्या त्या लिपीत लिहिलंय काय, तर दिलेली गावं, त्यांच्या सीमा, दान घेणाऱ्यांची गोत्रं. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या जांबचा ताम्रपट त्याच्या दुसऱ्या राज्यवर्षातला, नंदिवर्धनहून निघालेला. अठराव्या वर्षीचा अमरावती जिल्ह्यातल्या चम्मकचा मात्र प्रवरपूरहून निघालेला. म्हणजे मधल्या काळात राजाने आपल्या नावाची नवी राजधानी वसवली होती. हा चम्मकचा लेख मला फार बोलका वाटतो. एक हजार ब्राह्मणांना गाव दिलं, पण अटी घालून : राज्याशी द्रोह करायचा नाही, चोरी करायची नाही, लढाई करायची नाही, शेजारच्या गावांना उपद्रव द्यायचा नाही. अटी मोडल्या तर गाव परत घेतलं तरी राजाला चोरीचा दोष नाही. दान देतानाही सावध असलेला हा माणूस आहे. लहानपणी ज्याने रिकामी गादी आणि ती सांभाळणारी आई पाहिली, त्याला ही सावधगिरी शिकवावी लागली नसणार.

हे प्रवरपूर म्हणजे धाम नदीकाठचं पवनार, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. काही अभ्यासक रामटेकजवळच्या मनसरकडे बोट दाखवतात. मला मिराशींचं म्हणणं पटतं, आणि ते पवनारच्या दगडांमुळे. १९३८ साली विनोबा पवनारला राहायला आले. पुढे तिथे जमीन खणताना जुनी शिल्पं निघाली. त्यांतल्या एकात विनोबांना राम-भरताची भेट दिसली आणि त्याच शिल्पाभोवती आश्रमातलं भरत-राम मंदिर उभं राहिलं. मिराशींनी या शिल्पांत रामकथेचे प्रसंग ओळखले, वाली-सुग्रीवाचं युद्धही. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने पवनारला रीतसर उत्खनन केलं. सेवाग्रामला बापूकुटी पाहायला देशभरातून माणसं येतात. त्यांतल्या किती जणांना कुणी सांगतं, की काही किलोमीटरवर पंधराशे वर्षांपूर्वीची रामकथा दगडात उभी आहे?

या राजाच्या लढायांची हकिकत ताम्रपटांत जवळजवळ नाही. त्याचं युद्ध आहे ते काव्यात. ‘सेतुबंध’ हे पंधरा आश्वासांचं महाकाव्य परंपरा त्याच्याच नावावर देते. आरंभीच कवी सांगतो, की हे काव्य नव्या राजाने आरंभलं आहे, ते शेवटास नेणं मैत्री निभावण्याइतकं अवघड आहे आणि चुकलं तिथे ते सुधारून घेतलेलं आहे. या सुधारण्यामागे कालिदास होता, अशी आख्यायिका त्यातूनच वाढली. अकबराच्या काळचा टीकाकार रामदास तीच नोंदवतो.

काव्यातलं जग पूर्ण अद्भुत आहे. पावसाळा सरतो, हनुमान सीतेची खबर आणतो आणि सेना समुद्रापाशी येऊन खिळते. समोरचं अफाट पाणी पाहून वानरांचं धैर्य गळतं. सुग्रीव त्यांना आवेशाने डिवचतो, स्वतःच एकट्याने लंका जिंकायच्या गोष्टी करतो आणि म्हातारा जांबवान त्याला शांत करतो. पुढे रामाच्या बाणाने समुद्र पेटतो, होरपळून बाहेर येतो. वानर पर्वत उपटून आणतात, पाण्यात फेकतात, आणि पर्वत नुसते बुडत राहतात! इतक्या बळाचं काहीच होत नाही. मग सुग्रीव नलाकडे वळतो आणि नल सेतू रचतो. कोवळ्या वयात राज्य हाती आलेल्या राजाने पराक्रमाइतकंच मोल वडीलधाऱ्याच्या शब्दाला आणि जाणत्या कारागिराच्या हाताला दिलं, हे मला या काव्याचं खरं वैभव वाटतं.

आणि भाषा! दानपत्रं संस्कृतात, पण मनातलं काव्य महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वजेत. दंडीने प्राकृतांत महाराष्ट्रीला पहिला मान दिला, तो ‘सेतुबंधा’कडे बोट दाखवूनच. सातव्या शतकात बाणभट्टाने म्हटलं, की प्रवरसेनाची कीर्ती या सेतूवरून समुद्रापार गेली. मराठीच्या अभिजातपणाचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या शाळांत, निदान वर्धा जिल्ह्यातल्या तरी, हे काव्य मुलांना गोष्टीरूपाने भेटायला हवं.

प्रवरसेनानंतर नरेंद्रसेन आला. कुंतलाची राजकन्या अज्झितभट्टारिका त्याची राणी. त्याच्या मुलाला, दुसऱ्या पृथिवीषेणाला, बुडालेलं घराणं दोनदा सावरावं लागलं. ते पुढच्या लेखांकात.