ओला चेंडू

डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी कोलकात्याला आला, सॉल्ट लेकवर हात हलवून निघून गेला, आणि हजारो रुपये मोजून आलेल्या लोकांनी बाटल्या नि खुर्च्या मैदानात भिरकावल्या. नातू मोबाइलवर ते पाहून हळहळला. मला लागलं ते वेगळंच. एरवी सप्टेंबरात सुरू होणारी आपली इंडियन सुपर लीग त्या दिवसापर्यंत सुरूच झाली नव्हती. घरचे खेळाडू बसून, आणि पाहुण्याचा हात बघायला ही झुंबड!

आमच्या वेळी पेले आला होता. तो खेळला. २४ सप्टेंबर १९७७, ईडन गार्डन, कॉसमॉस विरुद्ध मोहन बागान, दोन-दोन बरोबरी. मैदानाचा नुसता चिखल. त्याच पावसात बुऱ्हाणपुरात आमचाही मोसम चालू होता. कॉलेजचा पहिलावहिला फुटबॉल संघ.

त्याआधीचं फार सांगत नाही. मोहन बागानने १९११ साली अनवाणी पायांनी गोऱ्या पलटणीला हरवलं, आणि १८९१ पासून चालत आलेला मुंबईचा रोव्हर्स चषक १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सनी पलटणींच्या हातून काढून घेतला, एवढं आम्हाला ऐकून माहीत. १९७० च्या बँकॉक एशियाडचं कांस्यपदक मात्र आमच्या डोळ्यांदेखतचं. त्यानंतर एशियाडला फुटबॉलचं पदक नाही, आजतागायत.

आमच्याकडे चेंडू एकच. चामड्याचा, आत रबरी ब्लॅडर. सायकलच्या दुकानात हवा भरायची, ब्लॅडरची नळी दुमडून सुतळीने बांधायची, आत कोंबायची आणि वर लेस आवळायची. लेसची गाठ बाहेर राहिली की हेडर मारणाऱ्याच्या कपाळावर शिक्का. पावसात चामडं पाणी प्यायचं, अन् हाफटाइमनंतर तो चेंडू लाथाडणं म्हणजे भिजलेली उशी लाथाडणं. त्यात आमची काळी माती, पायाला लपकेच्या लपके.

दुसरा चेंडू का नव्हता? खेळाचा कारभार ज्या सरांकडे होता, त्यांना क्रिकेटचं वेड. पांढऱ्या पँटींना पैसे निघायचे, आम्हाला ‘पुढच्या वर्षी बघू’. सर कधीच गेले. माझा राग अजून ठणठणीत आहे.

आमचा गोलकीपर रात्रपाळीला पॉवरलूमवर असायचा. मागांच्या खडखडाटात राहून मोठ्यानेच बोलायची सवय, त्यामुळे त्याची ‘छोड दे!’ ही आरोळी समोरच्या गोलपर्यंत जायची. संघातले आम्ही मराठी, तो उर्दू बोलणारा, दोघे गुजराती; मैदानावर एकच भाषा, आणि ती घरी बोलायची सोय नव्हती.

खंडव्याला एक-शून्यने जिंकलो. मग एका निमंत्रित स्पर्धेसाठी इंदूर. खंडव्याहून पुढे मीटर गेज, मोरटक्क्याला नर्मदा, मग घाट. कालाकुंडला गाडी थांबली की पळसाच्या पानात कलाकंद यायचा. खिसे चाचपून आम्ही वासावरच भागवलं. इंदूरला उतरलो तर पेपरात पेलेच्या सामन्याची बातमी. चिखलाचं वाचून सगळ्यांना धीर आला.

धीर अर्धा तास टिकला. रेफरीने बुटांशिवाय खेळू देणार नाही म्हणून सांगितलं. आमच्यातल्या चौघांनी कुठून कुठून कॅनव्हासचे बूट मिळवले. ते भिजले, आतून पाय घसरू लागले. तीन-शून्य. तिसरा गोल माझ्या चुकीने. हे इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

आता ती मीटर गेज मोडली. पातालपाणी ते कालाकुंड एवढ्यावर सहलवाल्यांसाठी हेरिटेज गाडी धावते. तेव्हा इंदूरहून परतताना त्याच कालाकुंडला गोलकीपर खाली उतरला आणि अकरा द्रोण घेऊन आला. आदल्या दिवशी त्याचा पगार झाला होता.